रक्ताचा हिशोब किडनीकडे कसा आला?

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरच्यांना किडनीबद्दल बरंच काही भराभर कळत जातं. क्रिएटिनिन म्हणजे काय, पाणी किती प्यायचं, मीठ का तोडायचं. एक गोष्ट मात्र पटकन उलगडत नाही. पेशंटचं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, सातावर-आठावर का येतं? खाण्यापिण्यात हयगय नाही, कुठे जखम नाही, तरी चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. मग डॉक्टर कातडीखाली घ्यायचं एक इंजेक्शन लिहून देतात. फ्रीजमध्ये ठेवायचं, पण गोठू द्यायचं नाही. महिना-दोन महिन्यांत चेहऱ्यावर रंग येतो आणि घरात त्याला ‘रक्तवाढीचं इंजेक्शन’ असं नाव पडतं. त्यात असतं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक. यापुढे त्याला ईपीओ म्हणू.

तांबड्या पेशी तयार होतात हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. किडनीत एकही तयार होत नाही. मग किडनी बिघडल्यावर रक्त का आटावं? हा प्रश्न सोडवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्यातून शरीराबद्दल एक फार महत्त्वाची गोष्ट कळली. आपलं शरीर रक्तपेशी कधीच मोजत नाही. ते मोजतं प्राणवायू. आणि हे मोजमाप शरीरात कुठे बसून करायचं, याची उत्तरं मासा, बेडूक, गर्भातलं बाळ आणि मोठा माणूस यांच्यात वेगवेगळी आहेत.

आधी कामाचा आवाका पाहू. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे झीज भरून काढण्याची सोय नसते. रोज एकूण पेशींपैकी जवळपास एक टक्का पेशी बाद होतात आणि तेवढ्या भरून काढायला अस्थिमज्जा दर सेकंदाला २० लाखांहून अधिक नव्या पेशी रक्तात सोडते. हे आपल्या झोपेतही चालू असतं. रक्तदान केलं, बाळंतपणात रक्त गेलं किंवा माणूस लेहला जाऊन राहिला, तर हा वेग कित्येक पटींनी वाढवावा लागतो आणि गरज भागली की पुन्हा खाली आणावा लागतो.

ईपीओ अस्थिमज्जेला ‘पेशी बनव’ असा हुकूम देतं, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात घडतं ते याहून वेगळं आणि मला तरी जास्त चकित करणारं आहे. शेतकरी बाजरी दाट पेरतो आणि उगवल्यावर विरळणी करतो, तसं अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची पूर्वरूपं गरजेपेक्षा खूप जास्त तयार होत असतात आणि त्यांतली बरीचशी वयात येण्याआधीच मरून जातात. ईपीओ त्यांचं हे मरण थांबवतं. रक्तात ईपीओ जास्त असेल तर जास्त पूर्वरूपं वाचतात, कमी असेल तर कमी. मार्क कौरी आणि मॉरिस बॉन्ड्युरंट यांनी १९९० साली हे दाखवून दिलं. त्यामुळेच शरीराला इतकी लवकर वाढ करता येते. रोपं आधीच उगवलेली असतात, फक्त ती उपटायची नाहीत, एवढंच ठरवायचं असतं.

या संप्रेरकाची चाहूल लागली ती पेरूमधल्या अँडीज पर्वतात. १८९० मध्ये फ्रान्स्वा-झिल्बेर व्हिओ हा फ्रेंच डॉक्टर सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरच्या मोरोकोचा या खाणीच्या गावी गेला. समुद्रसपाटीवर असताना त्याच्या रक्तात एका घन मिलिमीटरला ५० लाख तांबड्या पेशी होत्या. तीन आठवड्यांत त्या ७० लाखांवर गेल्या. विरळ हवेत रक्त दाट होतं हे यातून कळलं, पण निरोप कोण पोचवतं हे कळलं नाही. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड-कामी देफ्लाँद्र यांनी सशाचं थोडं रक्त काढलं, नंतर त्याच सशाचं सीरम दुसऱ्या निरोगी सशाला टोचलं. दुसऱ्याच्या पेशी वाढल्या. रक्तातून फिरणारा एखादा पदार्थ हे काम करतो, असं त्यांनी मांडलं. इतरांना हा प्रयोग पुन्हा जमेना, म्हणून कल्पना बाजूला पडली. कार्नो आणि देफ्लाँद्र यांचं म्हणणं मात्र बरोबर होतं.

१९५० मध्ये कर्ट राइसमन यांनी दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे त्यांचं रक्त एकमेकांत मिसळावं. जोडीतल्या एकालाच कमी प्राणवायूची हवा दिली. अस्थिमज्जेची लगबग दोघांतही वाढली. ज्याच्या फुप्फुसात चांगली हवा जात होती, त्याच्यातही. निरोप रक्तातूनच जातो याबद्दल शंका उरली नाही. मग प्रश्न आला तो पाठवतं कोण. शिकागोत लिऑन जेकबसन, यूजीन गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले. पियूषिका काढली, थायरॉइड काढली, अधिवृक्क ग्रंथी काढल्या, तरी प्रतिसाद टिकून राहिला. दोन्ही किडन्या काढल्या तेव्हा मात्र तो थांबला. हे १९५७ साल.

गोल्डवासर यांनी त्यानंतर वीस वर्षं हा पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती लागावा म्हणून घालवली. मेंढ्यांना मुद्दाम ॲनिमिया करून त्यांचं रक्त गोळा केलं, पण हाती आलं ते अगदीच तुटपुंजं. कोडं सुटलं ते जपानमध्ये. कुमामोतोचे डॉक्टर ताकाजी मियाके यांच्याकडे अप्लास्टिक ॲनिमियाचे पेशंट होते. या आजारात अस्थिमज्जाच निकामी होते. किडनी निरोपावर निरोप पाठवते, पण ऐकणारं कुणी नसतं. साहजिकच ईपीओ रक्तात साचतं आणि लघवीतून बाहेर पडतं. मियाके यांनी अशा पेशंटांची २,५५० लिटर लघवी जमवली, आटवली, वाळवली आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये ते गाठोडं घेऊन शिकागोला आले. १९७७ मध्ये त्यातून शुद्ध ईपीओ निघालं, काही मिलिग्रॅम. औषध म्हणून आज जे लाखो लोकांना मिळतं, त्याची पहिली ओळख त्या चिमूटभर पुडीतून झाली. विज्ञानाच्या इतिहासात गोल्डवासर यांचं नाव थोडंफार तरी घेतलं जातं. मियाके आणि ते पेशंट यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. ती काढली पाहिजे.

शुद्ध नमुन्यावरून प्रथिनाचा क्रम कळला, त्यावरून १९८३ मध्ये फू-कुएन लिन यांनी मानवी जनुक शोधलं. ते चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या पेशींत घातलं आणि त्या पेशी मानवी संप्रेरक बनवू लागल्या. १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. तोवर डायलिसिसच्या पेशंटला महिन्या-दोन महिन्यांनी रक्ताची बाटली लागायची, तिच्यासोबत काविळीचा धोका यायचा आणि शरीरात लोह साचायचं. इंजेक्शनने हे सगळं टळलं.

आता मूळ प्रश्न. किडनीच का? हृदय किंवा मेंदू यांना प्राणवायूची चणचण किडनीपेक्षा आधी भोवते. मोजमाप त्यांच्याकडे का नाही?

समजा एखाद्या स्नायूत प्राणवायू कमी पडला. त्याची कारणं अनेक असू शकतात. रक्तात पेशी कमी असतील, किंवा रक्तवाहिनी आकसली असेल, किंवा माणूस पळत असेल. स्नायूतल्या चणचणीवरून रक्त वाढवायचं ठरवलं, तर बसस्टॉपपर्यंत धावलं तरी शरीर नव्या पेशी बनवायला लागेल. किडनीचं गणित वेगळं आहे. तिला हृदयाने फेकलेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मिळतो. तिचा बहुतेक प्राणवायू खर्च होतो गाळलेलं मीठ परत ओढून घेण्यात. रक्त जास्त आलं की गाळणं वाढतं, गाळणं वाढलं की मीठ परत ओढण्याचं काम वाढतं आणि त्याबरोबर प्राणवायूचा खर्चही. रक्त कमी आलं की खर्चही कमी. म्हणजे रक्ताचा ओघ कमी-जास्त झाला तरी किडनीच्या बाहेरच्या थरातली प्राणवायूची पातळी फारशी हलत नाही. ती हलते ती रक्तात मुळात प्राणवायू किती भरलेला आहे त्यावरून, म्हणजेच पेशी किती आहेत आणि त्या भरलेल्या आहेत का, त्यावरून. ओघाचा गोंधळ वजा करून रक्ताचा कस सांगेल अशी ही जागा आहे. त्याच थरात, मूत्रनलिकांच्या मधल्या फटींत बसलेल्या काही पेशी ईपीओ तयार करतात. किडनी आजारी पडून तंतुमय झाली की याच पेशी आपलं काम सोडतात.

त्या पेशी प्राणवायू नेमका कसा ‘मोजतात’, हे ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांनी उलगडलं आणि २०१९ चं नोबेल त्यांना मिळालं. पेशीत ‘हिफ’ नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. प्राणवायू पुरेसा असेल तर काही विकरं तोच प्राणवायू वापरून हिफवर एक खूण करतात. खूण झालेलं हिफ काही मिनिटांत मोडीत निघतं. प्राणवायू कमी पडला की खूण करायला कच्चा मालच नसतो. हिफ शिल्लक राहतं, केंद्रकात जातं आणि ईपीओचं जनुक चालू करतं. बनवायचं आणि लगेच मोडायचं, ही उधळपट्टी वाटते खरी. पण गरज पडल्यावर प्रथिन नव्याने बनवण्यात जाणारा वेळ तिच्यामुळे वाचतो. रशियातल्या व्होल्गा नदीकाठच्या चुवाश लोकांमध्ये हिफ मोडीत काढणाऱ्या एका प्रथिनात जन्मजात दोष आढळतो. तो असलेल्यांच्या शरीराला हवा भरपूर असतानाही चणचण भासत राहते, आणि रक्त दाट होत जातं.

मोजमापाची ही पद्धत फार जुनी आहे. ईपीओही जुनं आहे. बदलत गेला आहे तो निरोप पाठवणारा अवयव.

माशांपासून सुरुवात करू. २००४ मध्ये सिंगापूरमध्ये बायराप्पा वेंकटेश आणि सिडनी ब्रेनर यांच्या गटाने फुगू या विषारी माशात ईपीओचं जनुक शोधलं. सस्तन प्राण्यांच्या बाहेर ते सापडण्याची ही पहिलीच वेळ. ते सगळ्यांत जास्त कुठे चालू होतं? हृदयात. माशाच्या किडनीकडे दुसरंच काम असतं. हाडांच्या मज्जेत रक्त तयार करण्याची व्यवस्था माशांत नाही, तांबड्या पेशी तयार होतात त्या किडनीच्या पुढच्या भागात. म्हणजे माशात निरोप हृदयाकडून किडनीकडे जातो आणि आपल्यात किडनीकडून हाडांकडे. हृदयच का, याबद्दल माझा तर्क असा: माशाच्या हृदयात अख्ख्या शरीरातून फिरून आलेलं, प्राणवायू गमावलेलं रक्त येतं, आणि बहुतेक माशांत हृदयाचा आतला सच्छिद्र थर त्याच उरल्यासुरल्या प्राणवायूवर जगतो. शरीराने किती वापरला आणि किती उरला, हे ज्याला सर्वांत शेवटी कळतं त्यानेच हिशोब ठेवावा, हे पटण्यासारखं आहे.

बेडकाची तऱ्हा आणखी निराळी. आफ्रिकेतला झेनोपस नावाचा नखवाला बेडूक प्रयोगशाळांत सर्रास पाळला जातो. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातल्या ताकाशी कातो यांच्या गटाने २०१० मध्ये त्याचं ईपीओ ओळखलं. ते मुख्यतः फुप्फुसात आणि यकृतात तयार होतं. रक्त तयार करण्याचं कामही यकृतच करतं. माणसाच्या ईपीओवर साखरेच्या चार साखळ्या असतात आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ ४० टक्के भाग त्यांचाच असतो. या बेडकाच्या ईपीओवर त्यांतल्या मुख्य साखळ्या जोडायला जागाच नाही, तरी त्याचं काम अडत नाही.

पक्ष्यांमध्येही रक्तातून फिरणारा असा घटक आहे, हे रॉस आणि वॉल्डमन यांच्या १९६६ मधल्या प्रयोगांतून दिसलं, पण माणसाचं ईपीओ पक्ष्याला टोचून उपयोग झाला नाही. काळाच्या ओघात निरोपाची भाषाच वेगळी झाली होती. कोंबडीची तांबडी पेशी महिनाभरच जगते, त्यामुळे तिथे ही भट्टी आपल्यापेक्षा कितीतरी जोरात पेटती ठेवावी लागते.

आपल्या स्वतःच्या आयुष्यातही ही बदली होऊन गेलेली असते. गर्भात असताना ईपीओ मुख्यतः यकृत बनवतं आणि त्या काळात रक्तही यकृतातच तयार होतं. जन्माच्या आगेमागे रक्तनिर्मिती हाडांकडे जाते आणि हिशोब किडनीकडे. मोठेपणीही यकृत थोडं ईपीओ बनवत राहतं, म्हणून दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त पार शून्यावर जात नाही. पण यकृताचा वाटा एवढा लहान असतो की त्यावर भागत नाही.

इथे आपल्याकडच्या परिस्थितीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया ॲनिमिक आढळल्या. त्यांच्यातल्या फार मोठ्या गटाची किडनी उत्तम असते, ईपीओ भरपूर असतं, पूर्वरूपं वाचलेली असतात. कमी असतं ते लोह, कधी फोलिक ॲसिड किंवा बी-१२. ईपीओ मिळाल्यावर तरुण पेशी स्वतःच एरिथ्रोफेरोन नावाचं एक संप्रेरक सोडतात. ते यकृताला सांगतं की आतड्यातून येणारं लोह अडवू नका. पण ताटातच लोह नसेल, किंवा जंत आणि पाळीतला जास्तीचा रक्तस्राव ते घेऊन जात असतील, तर दार उघडून काय होणार? अशा बाईला ‘रक्तवाढीच्या इंजेक्शना’ची गरज नाही. तिला गरज आहे लोहाच्या गोळ्यांची, त्या पोटाला झेपतील अशा मात्रेत मिळण्याची आणि घरात तिच्या ताटात आधी वाढलं जाण्याची.

रक्त जितकं जास्त तितकं बरं, ही समजूतही खरी नाही. फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टिरान्टा याच्या कुटुंबात ईपीओ झेलणाऱ्या ग्राहीचं शेपूट जन्मतःच तुटलेलं होतं. निरोप ऐकल्यावर तो बंद करण्याची कळ त्या शेपटात असते. त्याचं हिमोग्लोबिन २० च्या वर असे, आणि १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये त्याने दोन वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली. पुढे सायकलपटूंनी हेच इंजेक्शनाने साधायचा प्रयत्न केला. हॅम्स्टरच्या पेशींनी जोडलेली साखर माणसाच्या पेशींच्या साखरेपेक्षा थोडी वेगळी असते. या फरकावरून लघवीत ते पकडण्याची चाचणी फ्रान्समध्ये तयार झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून वापरात आली. पण दाट रक्त नळ्यांतून जड चालतं, गुठळ्या होतात. किडनीच्या पेशंटांचं एचबी १३ च्या पुढे न्यावं का, हे २००६ मधल्या मोठ्या चाचण्यांत पाहिलं, तर त्यांच्यात हृदयाचे त्रास वाढले. म्हणून डॉक्टर हल्ली साधारण दहा-साडेअकरावर थांबतात. एचबी अजून वाढवा, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

प्राण्यांनी हे कधीच जाणलं आहे. अँडीजमधल्या लामाचं रक्त उंचीवरही दाट होत नाही. त्याचं हिमोग्लोबिनच प्राणवायूला घट्ट धरणारं आहे. आपल्या भिगवणला आणि नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाच्या साधनांनी त्याला ७,२९० मीटर उंचीवर उडताना टिपलं आहे. त्याच्याही हिमोग्लोबिनमध्ये छोटे बदल आहेत, त्यांनी विरळ हवेतला प्राणवायू उचलणं सोपं होतं. रक्त घट्ट करून घेण्याचा मार्ग दोघांनीही टाळला.

माणसांमध्ये दोन्ही मार्ग दिसतात. सुमारे चार हजार मीटरवर राहणाऱ्या बोलिव्हियातल्या आयमारा पुरुषांचं हिमोग्लोबिन सरासरी १९ च्या आसपास आढळलं, तर तेवढ्याच उंचीवरच्या तिबेटी पुरुषांचं साडेपंधराच्या. अँडीजमध्ये काहींचं रक्त इतकं दाट होतं की ओठ निळे पडतात, डोकं दुखतं, झोप उडते. लिमाच्या कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. तिबेटी लोकांमध्ये हिफच्याच एका जनुकाचं वेगळं रूप २०१० मध्ये सापडलं. त्याने ईपीओचा प्रतिसाद मंद ठेवला आहे. २०१४ मध्ये कळलं की हे रूप त्यांच्या पूर्वजांना डेनिसोवन या लुप्त मानवजातीकडून संकरातून मिळालं.

नेपाळमधल्या वरच्या मुस्तांगमध्ये साडेतीन हजार मीटरच्या वर राहणाऱ्या, मुलं होण्याचं वय उलटून गेलेल्या चारशेहून अधिक तिबेटी वंशाच्या स्त्रियांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सर्वांत जास्त जिवंत मुलं झाली होती, त्यांचं हिमोग्लोबिन फार जास्तही नव्हतं आणि फार कमीही नव्हतं. ते त्या गटाच्या सरासरीएवढंच होतं. मात्र त्यातलं जे होतं ते प्राणवायूने इतरांपेक्षा जास्त भरलेलं होतं.